रासायनिक पेटंटचा दावा किती व्यापक लिहावा: नवख्या मसुदाकारासाठी मार्गदर्शन

रसायनशास्त्रातल्या शोधावर पेटंटचा अर्ज लिहायला बसलेल्या माणसापुढे पहिल्याच दिवशी एक पेच उभा राहतो. प्रयोगशाळेत प्रत्यक्ष बनवलेली संयुगे असतात दहा-बारा. दावा, म्हणजे क्लेम, तेवढ्यांपुरताच लिहिला तर दुसरा कोणीही ब्युटिलच्या जागी पेंटिल बसवून तोच शोध बिनबोभाट वापरू शकतो. म्हणून दावा एकेका संयुगावर न लिहिता त्यांच्या कुळावर लिहावा लागतो. पण ते कूळ फार पसरले, तर आधीपासून माहीत असलेले एखादे संयुग त्यात सापडते, किंवा मुळीच काम न करणारी संयुगे आत शिरतात, आणि मग दहा-बारा खऱ्या संयुगांचे संरक्षणही धोक्यात येते. माझ्या मते या पेचातून सुटण्याचा एकच भरवशाचा मार्ग आहे: दाव्याच्या प्रत्येक कडेपाशी एकतर एखादा प्रयोग उभा असला पाहिजे, नाहीतर जाणकाराला पटेल असे रासायनिक कारण. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका नियमाच्या आहेत.

विवेचनासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका गटाला असे आढळले की निकोटिनामाइडच्या, म्हणजे पिरिडीन वलयाला अमाइड गट जोडलेल्या संयुगाच्या, अमाइड नायट्रोजनवर लांब अल्किल शृंखला जोडली, तर तयार होणारे संयुग आम्लात बुडवलेल्या पोलादाचा गंज रोखते. त्यांनी ब्युटिल, हेक्झिल, ऑक्टिल आणि डेसिल या सरळ शृंखला वापरून पाहिल्या, आणि वलयावर हायड्रोजन, मिथिल व मिथॉक्सी हे तीन पर्याय तपासले. सगळी मिळून बारा संयुगे झाली.

पहिली पायरी: केलेल्या कामाचा तक्ता

दाव्याचा एकही शब्द लिहिण्यापूर्वी या बारा संयुगांचा तक्ता करावा. आडव्या ओळीत शृंखला, उभ्या स्तंभात वलयावरचा गट, आणि प्रत्येक चौकटीत गंज किती रोखला गेला त्याचा आकडा. जी संयुगे बनवली पण चालली नाहीत, तीही याच तक्त्यात आली पाहिजेत. संशोधक ती सांगायला बहुधा विसरतात, कारण त्यांच्या दृष्टीने तो वाया गेलेला दिवस असतो. मसुदाकाराला मात्र दाव्याची कड नेमकी कुठे आहे हे तीच संयुगे दाखवतात, म्हणून ती आग्रहाने मागून घ्यावीत.

दुसरी पायरी: हे का घडते, ते समजून घेणे

आपल्या उदाहरणात पिरिडीन वलयावरच्या नायट्रोजनची एकाकी इलेक्ट्रॉन-जोडी पोलादाच्या पृष्ठभागाला धरते, आणि शृंखलेची तेलकट शेपटी आम्लाला दूर ठेवते, अशी संशोधकांची समजूत आहे. एवढे कळल्यावर कोणते बदल निर्धोक आहेत आणि कोणते घातक, याचा अंदाज बांधता येतो. मिथॉक्सी गट वलयाला इलेक्ट्रॉन देतो, तेव्हा त्याच्या जागी इथॉक्सी चालेल असे मानायला आधार आहे. नायट्रो गट इलेक्ट्रॉन ओढून घेतो, त्यामुळे नायट्रोजनची पकड ढिली होण्याची भीती आहे. वलयावरच्या नायट्रोजनच्या अगदी शेजारच्या कार्बनवर मोठा गट बसवला, तर तो वाटच अडवील. शेपटी फार आखूड असली तर थर बनणार नाही, आणि फार लांब झाली तर संयुग आम्लात विरघळणारच नाही.

हे तर्क विनिर्देशात, म्हणजे स्पेसिफिकेशनमध्ये, स्पष्टपणे लिहून ठेवावेत. कमी उदाहरणांवर मोठा दावा टिकवायचा असेल, तर या तर्काइतके मोलाचे दुसरे काही नाही. रसायनशास्त्र हे पेटंटच्या जगात अनिश्चित क्षेत्र मानले जाते. यंत्रातला एक खिळा बदलला तर काय होईल हे बहुतेक वेळा आधी सांगता येते, पण रेणूतला एक अणू बदलला तर तसे सांगता येत नाही. त्यामुळे एका उदाहरणावरून किती लांबचा निष्कर्ष काढता येईल, याबाबत परीक्षक इथे अधिक कडक असतात.

तिसरी पायरी: सामान्य सूत्र

रासायनिक कुळावरचा दावा बहुधा मार्कुश पद्धतीने लिहितात. यूजीन मार्कुश यांना १९२४ मध्ये रंगद्रव्यांच्या एका प्रक्रियेवर अमेरिकन पेटंट मिळाले. त्यातल्या दाव्यात त्यांनी ‘अॅनिलीन, अॅनिलीनची समधर्मी संयुगे आणि अॅनिलीनची हॅलोजनयुक्त संयुगे यांच्या गटातून निवडलेला पदार्थ’ अशा अर्थाची शब्दयोजना केली होती. या तिघांना सामावून घेणारे एकच नाव भाषेत नव्हते, म्हणून त्यांनी तिघांची यादी करून तिलाच एक गट मानले. तेव्हापासून अशा यादीला मार्कुश गट म्हणतात.

आपले सूत्र शब्दांत असे होईल: निकोटिनामाइडचा गाभा, त्याच्या अमाइड नायट्रोजनवर ‘आर-एक’, आणि वलयावर ‘आर-दोन’. गाभा न बदलणारा आहे. बाकीचे दोन बदलते आहेत. यादीतल्या सर्व पर्यायांना एकत्र बांधणारा समान रचनेचा भाग आणि समान गुणधर्म असला पाहिजे, अशी अपेक्षा बहुतेक पेटंट कार्यालये ठेवतात. बदलत्या गटांची संख्या इतकी वाढली की गाभ्यात एक कार्बोनिल सोडून काही उरले नाही, तर तो एक शोध न राहता अनेक शोधांची गाठोडी ठरते आणि अर्ज तोडून वेगवेगळा करायला सांगितला जातो.

चौथी पायरी: एकेका शब्दात किती रेणू मावतात, ते मोजणे

नवख्यांनी सर्वांत जास्त वेळ द्यावा तो इथे. ‘आर-एक म्हणजे चार ते बारा कार्बनांचे अल्किल’ असे लिहिले, तर ते वाक्य निरुपद्रवी वाटते. पण ‘अल्किल’ या शब्दात सरळ आणि शाखित अशा दोन्ही शृंखला येतात. चार कार्बनांचे अल्किल गट ४ आहेत, पाचांचे ८, सहांचे १७, सातांचे ३९, आठांचे ८९, नवांचे २११, दहांचे ५०७, अकरांचे १,२३८ आणि बारांचे ३,०५७. त्रिमितीय भेद न धरताही ही बेरीज ५,१७० होते. आपल्या संशोधकांनी त्यांतले फक्त चार पाहिले आहेत. ‘सरळ शृंखलेचे, टोकाच्या कार्बनने जोडलेले अल्किल’ असे लिहिले, तर एकूण पर्याय राहतात नऊ, आणि नवांपैकी चार तपासलेले असणे ही भक्कम बाजू आहे.

याचा अर्थ शाखित शृंखला सोडून द्याव्यात असा नाही. दोन-तीन शाखित संयुगे बनवून पाहावीत, आणि शाखा नायट्रोजनच्या जवळ असताना व शेपटीच्या टोकाला असताना काय होते ते तपासावे. टोकाची शाखा चालली आणि जवळची चालली नाही, तर दाव्याची कड तिथेच आपोआप आखली जाते.

‘पर्यायाने प्रतिस्थापित’, म्हणजे हायड्रोजनच्या जागी दुसरा गट बसवलेला असेल किंवा नसेल, या शब्दजोडीबद्दल विशेष सावध राहावे. ‘पर्यायाने प्रतिस्थापित फिनाइल’ असे लिहून ‘प्रतिस्थापित’ची व्याख्या दिली नाही, तर त्यात कशानेही प्रतिस्थापित झालेले काहीही येऊ शकते. व्याख्या द्यावी, ती बंद असावी, आणि व्याख्येतला गट पुन्हा ‘पर्यायाने प्रतिस्थापित’ असू नये. नाहीतर सूत्राला अंतच राहत नाही.

पाचवी पायरी: जुन्या वाङ्मयाशी ताडून पाहणे

मोठ्या कुळाला जुने एकच संयुग पुरते. आधीच्या कोणत्याही प्रकाशनात कुळातले एक संयुग जरी उघड झालेले असेल, तरी संपूर्ण कुळावरच्या संयुग-दाव्याचे नावीन्य जाते. आपल्या सूत्रात ‘आर-एक’ला हायड्रोजन होण्याची मुभा दिली, तर दाव्यात खुद्द निकोटिनामाइड येते, जे ब जीवनसत्त्व गटातले सुपरिचित द्रव्य आहे. उत्साहाच्या भरात अमाइड नायट्रोजनवर दोन्ही बाजूंना लहान अल्किल गट चालतील असे लिहिले, तर डायइथिल रूप आत येते. ते म्हणजे निकेथामाइड, श्वसनाला चालना देणारे जुने औषध. एक अनावश्यक पर्याय लिहिला आणि दावा गेला, असे खरोखरच घडते. इतकेच काय, आपल्या उदाहरणातली साधी अल्किल संयुगेही कुठेतरी आधीच नोंदलेली असण्याची दाट शक्यता आहे. त्यासाठी फक्त नावाने शोध घेऊन भागत नाही. रचनेवरून शोध घेता येणाऱ्या माहितीसाठ्यात संपूर्ण सूत्र घालून पाहावे लागते.

संयुग जुने निघाले, तरी सगळे संपत नाही. संयुगावरचा दावा त्या संयुगाच्या प्रत्येक उपयोगाला झाकतो, म्हणून तो मिळवणे अवघड असते. उपयोगावरचा किंवा मिश्रणावरचा दावा अरुंद असतो आणि त्यामुळे अधिक सहज टिकतो. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या विस्तारित अपील मंडळाने १९८९ मध्ये मोबिल प्रकरणात जुन्या संयुगाच्या नव्या उपयोगाला वाट मोकळी करून दिली. वंगणात गंजरोधक म्हणून आधीच माहीत असलेले द्रव्य घर्षण कमी करण्यासाठी वापरणे, हा तिथला विषय होता. मात्र हा दरवाजा सगळीकडे सारखा उघडा नाही. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्याचे तिसरे कलम जुन्या द्रव्याचा केवळ नवा उपयोग शोधून काढण्याला शोध मानत नाही. म्हणून कोणत्या देशात अर्ज करायचा ते ठरवल्यावरच दाव्याचा प्रकार ठरवावा.

कुळातले एकच जुने संयुग अडचण करीत असेल, तर ‘परंतु अमुक संयुग वगळून’ अशी तरतूद जोडता येते. ती नेमकी त्या संयुगापुरती असावी.

सहावी पायरी: कुळातले सगळे सभासद खरोखर काम करतात का?

या प्रश्नावर मोठमोठे दावे पडले आहेत. १८९५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे विजेच्या दिव्याचा खटला आला. सॉयर आणि मॅन यांनी कार्बनीकृत कागद व लाकूड वापरून पाहिले होते, पण दावा केला होता सर्व तंतुमय आणि वस्त्ररूप पदार्थांपासून बनवलेल्या कार्बनच्या तारेवर. एडिसनने मात्र सहा हजारांहून अधिक वनस्पतिजन्य पदार्थ तपासले होते, आणि त्यातून ठरावीक जातीचा बांबूच कामी आला. सर्व तंतूंना समान असा कोणताही गुण सॉयर आणि मॅन यांनी दाखवला नव्हता, म्हणून न्यायालयाने तो दावा अवैध ठरवला. हा निकाल नवख्याने जरूर वाचावा. रेणूंची भाषा नसतानाही कुळावरच्या दाव्याचा सगळा प्रश्न त्यात उघडा पडला आहे.

शंभर वर्षांनी, १९९५ मध्ये, युरोपीय कार्यालयाच्या अपील मंडळाने अॅग्रइव्हो प्रकरणात हाच प्रश्न वेगळ्या बाजूने हाताळला. तिथे तणनाशक म्हणून ट्रायअॅझोल संयुगांच्या फार मोठ्या कुळावर दावा होता. मंडळाचे म्हणणे असे की, कुळातली जवळजवळ सर्व संयुगे तणनाशक आहेत हे विश्वसनीय वाटले पाहिजे. तसे वाटत नसेल, तर उरतात केवळ नवी संयुगे, आणि केवळ नवे संयुग बनवणे हे कल्पकतेचे काम ठरत नाही.

ताज्या काळातले मोठे उदाहरण हेपेटायटिस सी वरच्या उपचाराचे आहे. आयडेनिक्स या औषध कंपनीच्या पेटंटमध्ये ठरावीक जागी मिथिल गट असलेल्या न्यूक्लिओसाइडांच्या प्रचंड कुळावर दावा होता. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ज्युरीने गिलियड या प्रतिस्पर्धी कंपनीविरुद्ध २५४ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. पण पुढे न्यायाधीशाने पेटंट अवैध ठरवले आणि २०१९ मध्ये फेडरल सर्किट या पेटंटची अपिले ऐकणाऱ्या अमेरिकी न्यायालयाने ते मत कायम केले. पानेच्या पाने सूत्रे होती, पण हजारो पर्यायांतून कोणते काम करतील हे वाचकाला ओळखता येईल अशी दिशा नव्हती, आणि मिथिलसमोर फ्लोरिन असलेले नेमके संयुग त्या पानांत सांगितलेले नव्हते. लांबलचक याद्या दिल्या म्हणजे प्रकटीकरण, म्हणजे शोध पुरेसा उघड करून सांगणे, झाले अशी समजूत असणाऱ्याने हे प्रकरण लक्षात ठेवावे.

आपल्या उदाहरणात याचा व्यवहारी अर्थ एवढाच की, अर्जापूर्वी आणखी तीन संयुगे बनवावीत: मिथिल, डोडेसिल आणि हेक्झाडेसिल. समजा मिथिल चालले नाही, डोडेसिल चांगले चालले आणि हेक्झाडेसिल आम्लात विरघळलेच नाही. मग ‘चार ते बारा’ ही मर्यादा आपल्या मनाने ठरवलेली राहत नाही, तिच्या दोन्ही बाजूंना पुरावा येतो. तक्त्याच्या मध्यभागी दहा संयुगे दाटीने बसवण्यापेक्षा टोकांना दोन संयुगे असणे कितीतरी उपयोगाचे.

एखाददुसरे संयुग न चालल्याने दावा लगेच पडत नाही. जाणकाराला ते नेहमीच्या चाचणीने वगळता आले पाहिजे. १९८८ च्या वॉन्ड्स निकालात अमेरिकी न्यायालयाने यासाठी आठ कसोट्या मांडल्या. त्यांत प्रयोगांचे प्रमाण, दिलेले मार्गदर्शन, उदाहरणे, क्षेत्राची अनिश्चितता आणि दाव्याची व्याप्ती ही सगळी एकत्र तोलली जातात.

सातवी पायरी: गुणावरून केलेली व्याख्या

सूत्र लिहिणे कठीण झाले की, ‘पोलादाचा गंज नव्वद टक्के रोखणारे कोणतेही निकोटिनामाइड संयुग’ असे लिहिण्याचा मोह होतो. असा दावा शोधाऐवजी शोधाच्या उद्दिष्टावर हक्क सांगतो. १९२८ मध्ये पर्किन्स ग्लू प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्टार्चपासून बनलेल्या पण गुणांनी प्राणिज सरसासारख्या असलेल्या गोंदावरचा दावा याच कारणासाठी नाकारला. २०२३ मध्ये अॅमजेन विरुद्ध सॅनोफी या खटल्यात त्याच न्यायालयाने पुन्हा तीच भूमिका एकमताने घेतली. तिथे ठरावीक प्रथिनाला चिकटून त्याचे काम रोखणाऱ्या सर्व प्रतिपिंडांवर दावा होता आणि अमिनो आम्लांचा क्रम दिला होता २६ प्रतिपिंडांचा. जितके मागाल तितके करून दाखवले पाहिजे, असा त्या निकालाचा आशय आहे. गुणाचे शब्द रचनेच्या जोडीला वापरावेत: आधी सूत्र, मग त्यातून न चालणारे गाळण्यासाठी गुणाची अट.

आठवी पायरी: आकडा लिहिला की मोजण्याची रीतही लिहावी

टेवाच्या कोपॅक्सोन या औषधाच्या पेटंटमध्ये बहुवारिकाच्या, म्हणजे पॉलिमरच्या, रेणुभारासाठी किलोडाल्टनमध्ये मर्यादा दिली होती. रेणुभाराची सरासरी संख्येवरून, वजनावरून किंवा आलेखाच्या शिखरावरून काढता येते, आणि तिन्हींची उत्तरे वेगळी येतात. कोणती घ्यायची ते लिहिलेले नव्हते. २०१५ मध्ये फेडरल सर्किटने ते दावे संदिग्ध म्हणून अवैध ठरवले. आपल्या अर्जात ‘गंज नव्वद टक्के रोखणे’ असे येणार असेल, तर कोणते आम्ल, किती तीव्रतेचे, कोणत्या तापमानाला, किती तास आणि कोणत्या जातीचे पोलाद हे सगळे तिथेच लिहावे.

मिश्रणाच्या दाव्यात ‘समाविष्ट असलेले’ आणि ‘फक्त यांनीच बनलेले’ या दोन शब्दप्रयोगांतला फरकही विसरू नये. पहिल्यात इतर घटक चालतात, दुसऱ्यात चालत नाहीत.

नववी पायरी: उतरती शिडी

एकच रुंद दावा लिहून थांबणे हे माझ्या दृष्टीने नवख्याच्या हातून होणारे सर्वांत महाग दुर्लक्ष आहे. पहिल्या दाव्याखाली क्रमाने अरुंद होत जाणारे अवलंबी दावे, म्हणजे वरच्या दाव्याचा आधार घेऊन त्यात आणखी अट घालणारे दावे, असावेत: चार ते बारा कार्बनांची सरळ शृंखला, मग सहा ते दहा, मग ऑक्टिल, आणि शेवटी तक्त्यातली एकेक संयुगे नावानिशी. अर्ज दाखल झाल्यावर नवा मजकूर घालता येत नाही, म्हणून माघार घेण्याच्या सर्व जागा पहिल्या दिवसापासून कागदावर असल्या पाहिजेत. युरोपात यात आणखी एक खाच आहे. ‘आर-एक’च्या यादीतून एक आणि ‘आर-दोन’च्या यादीतून एक असे दोन पर्याय उचलून जोडले, तर ती जोडी मुळात उघड झालेली नव्हती असे मानले जाण्याचा धोका असतो. त्यामुळे महत्त्वाच्या जोड्या, जसे ‘ऑक्टिल आणि मिथॉक्सी’, एकत्रच लिहाव्यात.

रुंद दाव्याची सावली आपल्याच पुढच्या अर्जांवरही पडते. नोव्हार्टिस कंपनीच्या ग्लिवेक या कर्करोगावरच्या औषधाच्या प्रकरणात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी निकाल देताना, एखादे द्रव्य पेटंटच्या व्याप्तीत येते पण त्यात उघड झालेले नाही, अशी रुंद दरी मान्य करायला नकार दिला. आज ज्या कुळावर हक्क सांगाल, त्यातल्या एखाद्या सभासदावर उद्या स्वतंत्र पेटंट मागताना आजचाच अर्ज समोर ठेवला जाऊ शकतो.

शेवटची पायरी: अग्रक्रमाचे वर्ष

औद्योगिक मालमत्तेविषयीच्या पॅरिस करारानुसार पहिल्या अर्जापासून बारा महिन्यांत इतर देशांत अर्ज केला, तर पहिल्या अर्जाची तारीख मिळते. हे बारा महिने प्रयोगांसाठी वापरावेत. शाखित शृंखलांचे निकाल आठव्या महिन्यात आले, तर ते पुढच्या अर्जात घालता येतात. मात्र त्या भागाला तारीख मिळते ती पुढच्या अर्जाची. म्हणून पहिल्या अर्जात सरळ शृंखलांचा दावा स्वतंत्रपणे, स्वतःच्या वाक्यात, स्वतःच्या उदाहरणांसह उभा असावा. शाखितांचे काहीही झाले, तरी त्याची तारीख त्याच्याकडेच राहते.